मोंगरा घोडीचा महिना

दसरा उलटला की रायपुरात धुमालवाल्यांच्या तालमी सुरू होतात. ज्यांनी धुमाल ऐकलेलं नाही त्यांना ते सांगून कळणार नाही, तरी सांगते. आठ-दहा ताशे, तितकेच ढोल, गाडीवर चढवलेले भोंगे आणि त्या सगळ्यांवर मात करू पाहणारा एक बेंजो. हे सगळं वरातीत नवरदेवाच्या पुढे चालतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांची तावदानं थरथरवतं. मी आता चौबे कॉलोनीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तालीम सुरू झाली की आजूबाजूच्या खिडक्या धडाधड बंद होतात. मी माझी उघडते. शेजारची स्नेहा विचारते, "आंटी, आपको तकलीफ नहीं होती?" तिचे आईवडील दोघंही अमरावतीकडचे, पण पोरगी मराठी नुसती ऐकते, बोलते हिंदीतच. मी तिला म्हणते, "होते ना. पण मले ऐकायचं असते." ती हसते आणि आपली खिडकी लावून घेते.

त्या आवाजाबरोबर मला वास यायला लागतो. कापलेल्या धानाचा, भिजवलेल्या हरभऱ्याचा आणि घोड्याच्या घामाचा. घोड्याच्या घामाला घाण वास येतो म्हणणाऱ्या माणसांशी माझं पटत नाही. त्या महिन्यात तो वास माझ्या केसांत, ओढणीत, टिफिनच्या पिशवीत शिरला होता, आणि ऑफिसातल्या बाकीच्या बायका माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसायच्या. मी मुद्दाम सरकून त्यांच्या शेजारी बसायची.

'शांत हो' हे वाक्य मला आयुष्यात इतक्या जणांनी ऐकवलं आहे की त्यांची यादी करायची तर वही पुरायची नाही. काकूनं ऐकवलं, साहेबांनी ऐकवलं, मला पाहायला आलेल्या आणि पोहे खाऊन निघून गेलेल्या मुलांच्या मामांनी ऐकवलं. या सगळ्यांना म्हणायचं असायचं, गप्प बस. शांत असणं म्हणजे काय ते मला एका घोडीनं दाखवलं, आणि तेव्हापासून कुणी मला शांत हो म्हटलं की मी जास्तच चिडते.

नवं राज्य होऊन तेव्हा दीड-दोन वर्षं झाली असतील. रायपूर एकदम राजधानी झालं आणि गावाला काय करावं ते सुचेना. पानठेल्यापासून केस कापायच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी पाट्यांवर 'राजधानी' लिहून घेतलं. रस्ते उकरले गेले. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, त्यांचे सायरन आले, आणि भाजी घेणारी माणसं पिशव्या सांभाळत नाल्याच्या कडेला उभी राहायला शिकली. मी चोवीस वर्षांची होते आणि एका नव्या सरकारी खात्यात तात्पुरती टायपिस्ट होते. साहेबांच्या खोलीतली बेल आमच्या डोक्यावर वाजायची. ती वाजली की मी हातातलं सोडून उडून उभी राहायची, मग बोलावणं माझं असो की चपराशाचं. एकदा त्या उडण्यात शाईची बाटली पालथी झाली आणि माझ्या पांढऱ्या ओढणीवर जो डाग पडला तो कधी गेला नाही.

आम्ही गुढियारीत राहायचो, मालधक्क्याच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात. आई गेल्याला तीन वर्षं झाली होती. घरात बाबा आणि मी. बाबा रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, पण त्याआधी ते फौजेत खच्चरांच्या कंपनीत होते. डोंगरात तोफांचं सामान वाहणारी खच्चरं त्यांनी सात वर्षं सांभाळली होती. गुडघे तिथेच गेले. माणसांविषयी बाबा फारसं बोलत नसत, खच्चरांविषयी विचारलं तर जेवण गार व्हायचं.

आमच्या घराला लागून फूलबाईचं घर होतं. फूलबाई छत्तीसगढी, चाळिशीची, आवाज खणखणीत. तिचा नवरा वरातीला घोडी पुरवायचा. तो आदल्या पावसाळ्यात काविळीनं गेला आणि मागे एकच घोडी राहिली, मोंगरा. मोंगरा पांढरी होती असं म्हणायची पद्धत होती. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी वाऱ्यावर आली की ती दुपारपर्यंत राखाडी व्हायची आणि फूलबाई तिला रोज संध्याकाळी नळाखाली घासायची. अंगणात घोडीची आणि आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांची अवस्था एकच असायची.

नवऱ्याच्या मागे फूलबाईनं स्वतः मोंगराला वरातीत नेलं. एक हंगाम ठीक गेला. मग उन्हाळ्यातल्या एका लग्नात कुणा हौशी माणसानं फटाक्यांची लड तिच्या पायांजवळ पेटवली. मोंगरा नवरदेवासकट सुटली. नवरदेव पडला, त्याचं मनगट मोडलं, आणि सगळ्या धुमालवाल्यांत बातमी पसरली की फूलबाईची घोडी पागल झाली. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. आणि खरं सांगायचं तर घोडी बिघडलीच होती. पेला पडला की उडायची, वाऱ्यानं प्लास्टिकची पन्नी सरकली की उडायची. फूलबाईचा दीर धनीराम तिला सुधारायला आला. त्यानं मोंगराला कडुनिंबाच्या खोडाशी आखूड बांधलं, डोळ्यांवर झापडं घातली, कानांत कापूस कोंबला आणि अगदी जवळ उभं राहून पिपा बडवला. हीच त्या धंद्यातली चालत आलेली रीत होती. घोडी पायांवर कापत उभी राहिली, अंगाला फेस आला, आणि धनीराम म्हणाला, "देखो, शांत हो गई." दुसऱ्या दिवशी ती कुंपण तोडून पळाली.

मग धनीरामनं सांगून टाकलं. जेठौनीपर्यंत घोडीला बोलावणं आलं नाही तर तो तिला वीटभट्टीवाल्याला विकणार. घोडी भावाची, म्हणजे आपली, असा त्याचा हिशेब सरळ होता. जेठौनी म्हणजे कार्तिकातली एकादशी. देव त्या दिवशी झोपेतून उठतात आणि लग्नं सुरू होतात. दसऱ्यापासून धरलं तर हातात एक महिना होता.

आम्ही बौद्ध. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन बाबा आणि मी नुकतेच परतलो होतो. बाबांनी पिशवी खाली ठेवली, खिडकीतून पलीकडे पाहिलं, आणि अजून चपला पायातच असताना म्हणाले, "छाया, त्या घोडीच्या डोळ्यावरचं आधी काढाले सांग."

फूलबाई ऐकणारी नव्हती. तिच्या नवऱ्यानं, सासऱ्यानं, सगळ्यांनी झापडं बांधली होती. बाबा कुंपणाशी जाऊन म्हणाले, "देखो फूलबाई, पीछे से आवाज आई और दिखा कुछ नहीं, तो तुम नहीं भागोगी क्या?" फूलबाईनं घोडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हव, भागहूँ." आणि तिनं झापडं काढून चुलीत घातली. इतकं करायला आम्ही सांगितलं नव्हतं, पण तिचा स्वभावच तसा होता.

मालधक्क्यामागे एक मैदान होतं. सकाळी ऑफिसच्या आधी आम्ही तिघं तिथे जायचो. बाबा पत्र्याच्या खुर्चीवर बसायचे. फूलबाई तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन दूर, पार रुळांच्या कडेला उभी राहायची. मी मोंगराला धरून चारा घालायची. बाबांचा नियम एकच होता. "तिचं तोंड पाह. तोंड चालू राह्यलं पाह्यजे. चावणं थांबलं की आपण जास्त जवळ गेलो." फूलबाई डबा वाजवायची. मोंगरा कान टवकारायची, पण तोंड चालू असायचं. मग फूलबाई चार पावलं पुढे. तोंड थांबलं की आठ पावलं मागे. घोडीनं मान खाली घातली, श्वास सोडला, की डबा बंद. धनीराम कुंपणावर बसून हे पाहायचा आणि हसायचा. "बैंड बजेगा तो क्या बाराती चार कदम पीछे हटेंगे?"

मला रागही यायचा आणि कंटाळाही. पहिल्या आठवड्यात फूलबाई मैदानाच्या अर्ध्यापर्यंतच आली होती. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली. मागे यार्डात वॅगनला वॅगन भिडायची, कानठळ्या बसवणारा आवाज व्हायचा, आणि मोंगरा ढुंकूनही पाहायची नाही. पण वाऱ्यावर एक पन्नी आली की चार पाय हवेत. मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "वॅगन कुठून येते, कुठं जाते, ते तिले मालूम आहे. पन्नीचं मालूम नाही. तू नाही का, यार्डात वाढली, अन् साहेबाच्या बेलले भेतेस." मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही.

मग तिच्या पाठीवर बसायची वेळ आली. फूलबाई अंगानं भारी, बाबांचे गुडघे गेलेले. राहिले मी. लहानपणी बाबांनी मला रेल्वेच्या मेळ्यात उंटावर बसवलं होतं, तेवढाच माझा अनुभव. पहिल्या दिवशी मोंगरा नुसती उभी होती तरी मी लगाम दोन्ही मुठींत आवळून धरला होता. दूर कुठे बादली आपटली. मी दचकून लगाम खेचला आणि घोडी उडाली. "घोडी नाही भेली," बाबा ओरडले, "तू भेली! काहून आवळून राह्यली? तू आवळलं की ती समजते, काहीतरी आहे म्हणून." मी म्हटलं, मग करू काय? बाबा म्हणाले, "बोलत राहा. बोलतं माणूस श्वास घेते."

तेव्हापासून मी घोडीवर बसून बोलायला लागले. पहिल्यांदा लाज वाटली, नंतर थांबवणं कठीण झालं. साहेबांविषयी बोलले. मला पाहायला आलेल्या भिलाईच्या मुलाविषयी बोलले, ज्याच्या मामानं विचारलं होतं की मुलीचा आवाज नेहमीच इतका मोठा असतो का. आईविषयी बोलले, आणि ते मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते. मोंगराचा एक कान माझ्याकडे वळलेला असायचा. मांड्या आपोआप सैल पडायच्या, लगाम लोंबायचा, आणि डबा वाजला की ती थांबायची, वळून त्याच्याकडे नीट पाहायची आणि मग पुन्हा चालायची. आम्ही तिला तेवढंच शिकवलं होतं. भेव वाटलं तर थांब, उभी राहा, पाहून घे. पळायचं नाही. तिनं ते केलं की फूलबाई लांबूनच ओरडायची, "वाह रे मोर बेटी!" मोर म्हणजे माझी.

एका सकाळी मी मैदानातून थेट ऑफिसला गेले. टायपिंग करत होते आणि बेल वाजली. माझी बोटं चालूच राहिली. मी ओळ पुरी केली, पूर्णविराम दिला, मग उठले. साहेब म्हणाले, "सुनाई नहीं देता?" मी म्हटलं, "सुनाई दिया, सर. लाइन पूरी कर रही थी." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. मला इतका आनंद झाला की जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना कचोऱ्या खाऊ घातल्या आणि कारण कुणालाच सांगितलं नाही.

पाऱ्यात अर्थात बोभाटा झाला. पोट्टी रोज सकाळी घोडीवर टांग टाकून बसते, ही बातमी काकूपर्यंत पोहोचायला दोन दिवसही लागले नाहीत. काकू म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको, दोन गल्ल्या सोडून राहणारी. ती तावातावानं आली. "भावजी, तुमाले समजत नाही का? लोक काय म्हनून राह्यले! कोन करन हिच्याशी लगन?" बाबा चहा पीत होते. म्हणाले, "ज्याले घोडीचं भेव नाही तो करन." काकू माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तरी शांत डोक्यानं विचार कर." मी म्हटलं, "काकू, डोकं शांतच आहे. म्हणून तर पडली नाही अजून."

हे बोलायला नको होतं. तिसऱ्याच दिवशी पडले. एव्हाना डाव्या बाजूनं डबा, मागून आणलेला ताशा आणि भोंगा, सगळं तिला चालत होतं. मी खुशीत मैदानाच्या कडेनं चालले होते, आणि उजवीकडून कुठलीशी जाहिरात ओरडत एक ऑटो आला. मोंगरा जागच्या जागी फिरली आणि मी कोपरावर आपटले. कोपर सोलून निघालं. कुंपणावर बसून धनीरामनं टाळ्या वाजवल्या.

बाबा खुर्चीवरून उठून लंगडत आले. माझं कोपर पाहिलं, मग घोडीकडे पाहिलं, मग कपाळावर हात मारून घेतला. "माही चूक," ते म्हणाले. बाबांना चूक कबूल करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नवरदेव डावीकडून चढतो, म्हणून घोडीवाले आयुष्यभर घोडीच्या डावीकडूनच चालतात. फूलबाई डावीकडून, मी डावीकडून, डबाही डावीकडूनच वाजला होता. आणि बाबांची खच्चरं डोंगराच्या वाटेवर एका रांगेत चालायची, त्यांच्या बाजूनं कधी काही आलंच नव्हतं. आम्ही पंधरा दिवस घोडीच्या एकाच डोळ्याला शिकवत होतो. दुसऱ्या डोळ्यासाठी सगळं जग अजून नवंच होतं.

आणि दुसऱ्या दिवशी धनतेरस. शहरभर फटाके सुरू झाले. मी म्हटलं, आता तर एकही दिवस चुकवायला नको. बाबा म्हणाले, "नाही. दिवाळीत भेवाची शाळा बंद." फूलबाई मोंगराला घेऊन खारून नदीपलीकडे आपल्या माहेरच्या गावी गेली. ते चार दिवस मी घरात बसून रडले, आणि ते लपवलंही नाही. ती वीटभट्टीवर जाणार, विटांचं ओझं वाहणार, मार खाणार, आणि तिच्या कानात बोलणारी मी ऑफिसात बेलवर उठत बसणार, असंच मला दिसत होतं. भाऊबीजेला चुलतभाऊ प्रशांत ओवाळून घ्यायला आला तर माझे डोळे सुजलेले.

प्रशांत काकूचाच मुलगा, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लागलेला. त्याचं लग्न ठरलं होतं, जेठौनीच्या दोन दिवस आधी, दुपारी. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. सुट्टी कधी मिळते आणि हॉल कधी रिकामा असतो एवढंच पाहतात. जेठौनीच्या आधी हॉल रिकामेच असतात. त्याला ओवाळता ओवाळता मला एकदम सुचलं की त्या दिवसांत अख्ख्या रायपुरात निघणारी वरात आमच्याच लोकांची, आणि धुमालही आधीच ठरलेलं. मी ताट हातात तसंच धरून विचारलं, "प्रशांत, मोंगरावर बसशील?" त्यानं लाडू गिळला. म्हणाला, "दीदी पकड़ेगी तो बैठूँगा." काकूनं त्या दिवशी आमच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही.

फूलबाई परतल्यावर तिला सांगितलं तर तिला भलतीच शंका. "देवता मन सुते हें नोनी, बिहाव कइसे होही?" मी म्हटलं, "आमच्यात होतं. आमच्या लग्नाला कुणाच्या झोपेची अडचण नाही." ती हसून हसून खोकायला लागली. मग उजवा डोळा सुरू झाला. पहिल्या दिवसापासून, दुरून, चार पावलं पुढे आणि आठ मागे. सात दिवस होते. मी ऑफिसला रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी मोंगराच्या उजवीकडून चालले आणि फूलबाई डावीकडून. नवी साडी नेसावी म्हणून काकूनं निरोप पाठवला होता. मी सलवार-कुर्ता आणि जुने बूट घातले. धुमालचे उस्ताद घोडीला ओळखून होते. त्यांनी आधी हात वर केले, मग म्हणाले, "आँख बाँध दो, फिर बजाऊँगा." फूलबाई म्हणाली, "आँखी नइ बाँधौं." उस्तादांनी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांत तोवर वर चढला होता, घामानं भिजला होता, आणि त्यानं वाजवा म्हणून मान हलवली.

धुमाल वाजलं. मोंगराच्या अंगातून एक लहर गेली, ती माझ्या तळहाताला कळली. ती थांबली. वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, डावीकडून, मग मान वळवून उजवीकडून. मग चालली. रेल्वेच्या पुलाखालून जाताना वर मालगाडी आणि खाली ताशे असा कल्लोळ झाला आणि मी प्रशांतला ओरडून सांगत होते, "बोल! काहीबी बोल! श्वास घे!" बिचारा नवरदेव घोडीला आपल्या कारखान्याच्या शिफ्टविषयी सांगत पुलाखालून बाहेर पडला.

मोठ्या रस्त्यावर आलो आणि मागून सायरन आला. एक शिपाई काठी आपटत पुढे धावला. "हटाओ, हटाओ! साहब की गाड़ी है!" धुमाल पटकन थांबलं, वऱ्हाडी नाल्याच्या कडेला झाले. सायरनचा सराव आम्ही केला नव्हता, तो आणायचा कुठून? मोंगरा थांबली. चारही पाय रोवून, भर रस्त्यात, कान मागे. शिपाई ओरडला, "घोड़ी गली में डालो!" मी म्हटलं, "दो मिनट रुको. देख लेगी तो चलेगी." त्यानं काठी उगारली.  मी काठी आणि घोडी यांच्या मधे गेले आणि म्हटलं, "मारोगे तो भागेगी. और सीधे साहब की गाड़ी पर भागेगी. मारो." त्यानं गाडीकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, आणि काठी खाली केली. लाल दिव्याची गाडी आमच्या मागे येऊन थांबली. मोंगरानं मान पूर्ण वळवून तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मग तिनं नाक फुरफुरवलं आणि संथपणे कडेला झाली. गाडी गेली. मागून ओरडण्याचा, शिट्ट्यांचा असा कल्लोळ उठला की धुमाल वाजवायची गरज उरली नाही, तरी उस्तादांनी वाजवलं.

मला वाटतं, मी शांत हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर वापरला. घोडी कापत होती आणि शांत होती. मी कापत होते आणि शांत होते. आम्हाला कुणी दाबून गप्प बसवलेलं नव्हतं. आम्हाला पळायचं नव्हतं, इतकंच. हे मी नंतर ऑफिसात, नात्यात, आणि लग्नानंतर घरात कितीदा वापरलं आहे. दर वेळी जमलं असं नाही, पण जमलं तेव्हा समोरच्याला ते फार जड गेलं.

हॉलच्या दारात प्रशांत उतरला. काकूनं त्याला ओवाळलं आणि नंतर, माझ्याकडे न पाहता, घोडीच्याही कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. बाबा रिक्षातून आधीच येऊन दारात खुर्ची टाकून बसले होते. उस्ताद घाम पुसत आले. त्यांना जेठौनीच्या दिवसासाठी घोडी हवी होती. आणि तेवढ्यात गर्दीतून धनीराम पुढे झाला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. त्यानं सरळ लगाम धरला आणि उस्तादांना म्हणाला, "मुझसे बात करो. अब सीजन मैं चलाऊँगा. औरत कहाँ बारात-बारात घूमेगी?" आणि ते दाखवून द्यायला तो सगळ्यांसमोर घोडीवर चढून बसला.

माझ्या तोंडात शिवी आली होती. फूलबाईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "चला ले, धनीराम."

धनीरामनं लगाम दोन्ही हातांनी आवळला आणि टाचा मारल्या. मोंगरा थांबलेलीच होती. तिनं पाय रोवले. त्यानं लगामाचं टोक तिच्या मानेवर हाणलं. तिचे कान मागे गेले, पण पाय हलले नाहीत. त्यानं शिव्या दिल्या, पुन्हा हाणलं. महिनाभर आम्ही जे शिकवलं होतं ते ती जसंच्या तसं करत होती. भेव वाटलं की थांब, उभी राहा, पाहून घे. धुमालवाले हसायला लागले. धनीराम वरून माझ्यावर ओरडला, "ए, चलाओ इसको!" मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि जागची हलले नाही.

उस्तादांना घाई होती. ते मान वर करून धनीरामला पत्ता सांगायला लागले, जेठौनीला दुपारी तीनला, टेशनजवळच्या... फूलबाई मधेच म्हणाली, "मोला बता. घोड़ी मोर आय."

उस्ताद थांबले. त्यांनी वर बसलेल्या धनीरामकडे पाहिलं, न हलणाऱ्या घोडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाठ केली आणि तोच पत्ता, पुन्हा पहिल्यापासून, फूलबाईला सांगितला.